पत्रिकेंतील रक्तगट

विवाहयोग्य मुलामुलींचीं टिपणें हल्लीं छापील येऊं लागलीं आहेत. त्यांत गोत्र, नक्षत्र, चरण, गण, नाडी या जुन्या रकान्यांच्या शेजारीं एक नवा रकाना दिसतो, तो रक्तगटाचा. ज्या घरांत मंगळाचा विचार मागें पडला आहे, त्या घरांतहि हा रकाना मोठ्या आस्थेनें वाचला जातो. मुलाचा गट ‘बी’ आणि मुलीचाहि ‘बी’ असें आढळलें, कीं घरांतील वडील मंडळी कपाळाला आंठी घालून म्हणतात, “म्हणजे एकनाड आली, संतति टिकावयाची नाहीं.” नाडी म्हणजेच रक्तगट, आणि आपल्या पूर्वजांना तो ठाऊक होता, अशी समजूत सुशिक्षितांतहि बरीच पसरली आहे. चांगलीं जुळत आलेलीं स्थळें केवळ या एका अक्षरावरून फिसकटल्याचें आमच्या कानांवर येतें.

या समजुतीचा खरेखोटेपणा पाहण्यास फारसें शास्त्र लागत नाहीं. साधा हिशेब पुरे. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. सत्तावीस नक्षत्रांची आद्य, मध्य व अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वांटणी केलेली आहे. तेव्हां कोणतींहि दोन माणसें घेतलीं, तरी तिनांतून एकदां त्यांची नाडी एक यावयाचीच. रक्तगटाला नक्षत्र ठाऊक नाहीं. तो आईबापांकडून येतो. एकाच आईबापांचीं चार मुलें चार नक्षत्रांवर जन्मलीं, तरी चौघांचा गट एक असूं शकतो. आणि एकाच दिवशीं, एकाच नक्षत्रावर जन्मलेल्या दोन परक्या मुलांचे गट अगदीं निराळे असूं शकतात. शिवाय, पतिपत्नींचा रक्तगट एक असण्यांत अपत्याला त्या गटापायीं कसलाहि धोका नाहीं. धोका उद्भवतो तो भेदांतून, आणि तोहि एका विशिष्ट भेदांतून. तो भेद कोणता, त्यापायीं नवजात बालकाला कोणता रोग जडतो, प्रयोगशाळेंत तो कसा ओळखतात, आणि मुळांतच तो कसा टाळतां येतो, हें घरांतील सर्वांना, विशेषतः घरच्या वडील स्त्रियांना व होऊं घातलेल्या पित्याला, ठाऊक असावें अशी आमची इच्छा आहे.

रोग जुना, नांव नवें

हा रोग आजचा नाहीं. फ्रान्सच्या राजघराण्यांत सुईणपण करणारी लुईझ बूर्झ्वा हिनें १६०९ सालीं एका जुळ्याची हकीकत लिहून ठेविली आहे. एक मूल अंगभर पाणी चढून सुजलेलें असें जन्मलें व लगेच गेलें. दुसरें मात्र पिंवळें पडत गेलें आणि थोड्याच दिवसांत दगावलें. आपल्याकडे काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पांत बालकांचें हरण करणाऱ्या ‘जातहारिणी’चें वर्णन आहे, आणि जिचीं मुलें जगत नाहींत, अशा स्त्रीस ‘मृतवत्सा’ असें नांव आहे. ग्रंथांतील हीं नांवें माजघरांत उतरलीं, तीं अधिकच कठोर होऊन. पहिलें मूल ठणठणीत, दुसरें चार दिवसांत पिंवळें होऊन गेलें, तिसरें पोटांतच गेलें, असा क्रम लागला कीं त्या बाईला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणत. तिच्याकरितां नवस होत, नारायण-नागबळी होई. आणि तेवढ्यानें न भागल्यास नवऱ्याचें दुसरें लग्न होई. अशा सर्वच कहाण्यांच्या मुळाशीं हा एक रोग होता, असें आम्ही म्हणत नाहीं. धनुर्वातानें, तापानें, अशक्ततेनेंहि अर्भकें जात असत. परंतु पहिलें सुखरूप आणि पुढचीं एकाहून एक वाईट, हा जो विचित्र क्रम, तो या रोगाचा खास आहे.

अंगाला सूज येऊन मेलेलें मूल, जन्मतांच पिंवळें पडणारें मूल, आणि पांढरेंफटक निस्तेज मूल, हे तीन निरनिराळे रोग आहेत असें डॉक्टर मंडळी फार दिवस समजत. हीं एकाच व्याधीचीं तीन रूपें आहेत, असें १९३२ सालीं अमेरिकेंत लुई डायमंड, केनेथ ब्लॅकफॅन व बेटी यांनीं दाखवून दिलें. पण बालकाच्या रक्तपेशी कां फुटतात, हें कोडें तसेंच राहिलें. तें सुटण्याची सुरुवात झाली ती न्यूयॉर्कमध्यें, एका दुःखी बाळंतिणीच्या खाटेपाशीं. तिला मृत मूल झालें होतें. रक्तस्राव झाल्यामुळें तिला नवऱ्याचें रक्त देण्यांत आलें. दोघांचाहि गट ‘ओ’. आपल्याकडील समजुतीप्रमाणें ‘एकनाड’ म्हणावी असें तें जोडपें. आणि त्या काळच्या वैद्यकाप्रमाणें तें रक्त तिला अगदीं निर्धोक. तरीसुद्धां तें अंगांत जातांच तिला भयंकर त्रास झाला. फिलिप लेव्हिन व रूफस स्टेट्सन यांनीं तिचा रक्तद्रव तिच्याच गटाच्या १०४ जणांच्या पेशींशीं मिळवून पाहिला. ८० जणांच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. १९३९ सालीं ही हकीकत प्रसिद्ध करतांना त्यांनीं अनुमान काढलें कीं, गर्भाला पित्याकडून असा कांहीं गुण मिळाला होता कीं जो मातेच्या रक्तांत नव्हता. आणि त्या गुणाविरुद्ध मातेच्या शरीरानें शस्त्र उपसलें होतें.

पुढच्याच वर्षीं, १९४० सालीं, कार्ल लँडस्टायनर व अलेक्झांडर वीनर यांना ऱ्हीसस जातीच्या माकडाच्या रक्तावरून केलेल्या प्रयोगांत असाच एक गुण आढळला. त्यावरून ‘ऱ्हीसस’ किंवा ‘आर-एच’ हें नांव पडलें. ए, बी, ओ या गटांचा शोध लावून ज्यांनीं १९३० सालचें नोबेल पारितोषिक मिळविलें, तेच हे लँडस्टायनर. ज्यांच्या तांबड्या पेशींवर हा गुण असतो ते ‘पॉझिटिव्ह’, आणि ज्यांच्या पेशींवर नसतो ते ‘निगेटिव्ह’. युरोपीय लोकांत शंभरांत पंधराच्या आसपास, तर आपल्या देशांत साधारणपणें पांचच्या आसपास माणसें निगेटिव्ह असतात. निगेटिव्ह असणें हा रोग नाहीं, उणेपणाहि नाहीं. त्या माणसाच्या स्वतःच्या प्रकृतीला त्यानें कांहीं बाध येत नाहीं. मनुष्याचे डोळे घारे असावे, तशांतलाच हा प्रकार.

पहिलें मूल कां वांचतें

आतां माता निगेटिव्ह आणि पिता पॉझिटिव्ह, असा योग आला म्हणजे काय होतें तें पाहूं. अपत्य पित्याच्या वळणावर जाऊन पॉझिटिव्ह होऊं शकतें. गर्भाचें रक्त आणि आईचें रक्त हीं एकमेकांत मिसळत नाहींत. मध्यें वारेचा पडदा असतो. परंतु प्रसूतीच्या वेळीं वार सुटतांना त्या पडद्याला भोंकें पडतात, आणि बाळाचे कांहीं थेंब आईच्या रक्तांत उतरतात. आईच्या शरीराला ते परके वाटतात. देवीची लस टोंचल्यावर शरीर जशी देवीविरुद्ध तयारी करी, तशीच तयारी तें या परक्या पेशींविरुद्ध करूं लागतें. अशा तयारींतून रक्तांत जीं द्रव्यें उत्पन्न होतात, त्यांना ‘प्रतिद्रव्यें’ म्हणतात. पण या तयारीला आठवडे लागतात. तोंवर बाळ पाळण्यांत सुरक्षित असतें. घरांत पेढे वांटले जातात, बारसें होतें. आणि त्याच सुमारास आईच्या शरीरांत पुढील अपत्याविरुद्ध शस्त्रें घडविलीं जात असतात. तिला दुखत नाहीं, खुपत नाहीं, ताप येत नाहीं. तिला याची जाणीव व्हावी असें एकहि चिन्ह बाहेर दिसत नाहीं.

दुसऱ्या खेपेस पॉझिटिव्ह गर्भ राहिला, कीं हीं तयार प्रतिद्रव्यें वारेंतून पलीकडे जातात आणि गर्भाच्या तांबड्या पेशींना चिकटतात. त्या पेशी फुटूं लागतात. गर्भ पांढरा पडतो, त्याचें यकृत व प्लीहा वाढतात, आणि विकार बळावल्यास अंगांत पाणी भरून तो पोटांतच दगावतो. फुटलेल्या पेशींतून ‘बिलिरुबिन’ नांवाचें पिंवळें द्रव्य सुटतें. मूल पोटांत असेपर्यंत तें आईच्या रक्तावाटे निघून जातें, म्हणून जन्मतः मूल पिंवळें दिसत नाहीं. नाळ कापली कीं तो मार्ग बंद होतो. बाळाच्या कोंवळ्या यकृताला तो भार पेलत नाहीं. आणि कांहीं तासांतच कावीळ चढूं लागते. ती फार चढली तर तें द्रव्य मेंदूंत शिरतें. मग मूल जगलें तरी बहिरेपण, हातापायांचे आंचके, लुळेपणा, असें कांहींतरी जन्माचें पदरांत घेऊन जगतें.

पांचवी पुजावी, सटवाई येऊन कपाळावर अक्षर लिहिते म्हणून रात्र जागवावी, ही आपली जुनी रीत. हेंच चार-पांच दिवस कावीळ शिगेला पोंचण्याचेहि आहेत. रात्र जागविणाऱ्यांनीं दिव्याच्या उजेडांत बाळाच्या डोळ्यांचा व कातडीचा रंगहि पाहावा, एवढीच त्यांना आमची विनंति आहे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आंत दिसलेली कावीळ कधींहि ‘नेहमींचीच’ समजूं नये. त्याच घटकेस डॉक्टरांना कळवावें.

येथें एक नाजूक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ‘पहिलें मूल’ याचा अर्थ पाळण्यांत आलेलें पहिलें मूल असा नाहीं. त्यापूर्वीं झालेला गर्भपात, मग तो आपोआप झालेला असो वा करविलेला असो, किंवा नळींत राहिलेला गर्भ, यानेंहि मातेचें शरीर सावध झालेलें असूं शकतें. पुष्कळ घरांत अशी गोष्ट बोलली जात नाहीं. सुनेनें ती माहेरींहि सांगितलेली नसते. तिनें ती निदान डॉक्टरांपाशीं मोकळेपणानें बोलावी, आणि बोलतांना तिच्याजवळ दुसरें कोणी बसलेलें नसावें, एवढें सौजन्य घरच्या मंडळींनीं दाखवावें.

न दिसणारें प्रतिद्रव्य

हीं प्रतिद्रव्यें आईच्या रक्तांत आहेत कीं नाहींत, हें ओळखणें मोठें अवघड होतें. एकतर तीं डोळ्यांना दिसत नाहींत. दुसरें असें कीं, तीं पेशीला चिकटतात खरीं, पण आंखूड असल्यामुळें एका पेशीला दुसरीशीं जोडूं शकत नाहींत. म्हणून गुठळीहि होत नाहीं. ही अडचण १९४५ सालीं केंब्रिज येथें रॉबिन कूम्ब्स, आर्थर मूरंट व रॉब रेस या तिघांनीं दूर केली. कूम्ब्स हे मूळचे गुरांचे डॉक्टर. महायुद्धाच्या दिवसांत लंडनहून केंब्रिजला परततांना आगगाडीच्या मंद दिव्याच्या डब्यांत ही युक्ति आपणांस सुचली, असें ते पुढें सांगत. युक्ति अशी कीं, प्रतिद्रव्य हेंहि शेवटीं मनुष्याच्या रक्तांतील एक प्रथिनच. मग त्या प्रथिनालाच पकडणारें दुसरें द्रव्य सशाच्या रक्तांत तयार करावें, आणि तें या पेशींवर सोडावें. पेशींवर प्रतिद्रव्य बसलेलें असेल, तर हें नवें द्रव्य दोन पेशींवरच्या प्रतिद्रव्यांचे हात एकमेकांत गुंफील, आणि अदृश्य गोष्ट गुठळीच्या रूपानें दृश्य होईल. हीच ‘कूम्ब्सची कसोटी’.

ही कसोटी दोन प्रकारें लावितात. बाळाच्या पेशींवर प्रतिद्रव्य बसलें आहे काय, हें पाहणें ती प्रत्यक्ष कसोटी. आईच्या रक्तद्रवांत तें मोकळें फिरत आहे काय, हें पाहणें ती अप्रत्यक्ष. प्रत्यक्ष कसोटींत बाळाच्या नाळेचें थोडें रक्त घेऊन त्यांतील पेशी मिठाच्या पाण्यानें तीन-चार वेळां धुतात. हें धुणें अत्यंत महत्त्वाचें आहे. कारण पेशींभोंवतीं रक्तद्रवाचा अंश राहिला, तर सोडलेलें द्रव्य त्यांतच खर्ची पडतें आणि खरी गुठळी होत नाहीं. धुतलेल्या पेशींवर कूम्ब्सचें द्रव्य घालून नळी यंत्रांत गरगर फिरवितात व हलकेंच हलवून पाहतात. पेशी धुरासारख्या सुट्या झाल्या तर उत्तर नकारार्थी. गुठळी राहिली तर होकारार्थी. नकारार्थी उत्तर आल्यास त्याच नळींत मुद्दाम प्रतिद्रव्य चढविलेल्या पेशी घालतात. आतां गुठळी झालीच पाहिजे; न झाल्यास द्रव्य निकामी होतें असें समजून सर्व परीक्षा पुन्हां करितात. पुष्कळ प्रयोगशाळांत नळीच्या जागीं आतां जेलीच्या बारीक स्तंभांचें कार्ड आलें आहे. परंतु तत्त्व तेंच.

गर्भवतीची तपासणी याच्या अगोदर होते. पहिल्या भेटींतच तिचा गट पाहतात. चिनी मातीच्या फरशीवर निळा, पिंवळा व बिनरंगाचा असे तीन द्रव ठेवून प्रत्येकांत तिच्या रक्ताचा थेंब मिसळतात. निळा ‘ए’साठीं, पिंवळा ‘बी’साठीं आणि बिनरंगाचा आर-एचसाठीं. ती निगेटिव्ह निघाली, तर पतीचें रक्त तपासतात, आणि तिच्यावर अप्रत्यक्ष कसोटी लावितात. प्रतिद्रव्यें आढळलीं, तर तिचा रक्तद्रव दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करीत नेऊन तो कोठवर गुठळी करूं शकतो तें मोजतात. सोळापट किंवा बत्तीसपट पातळ करूनहि गुठळी झाली, तर बहुतेक ठिकाणीं तो इशारा समजतात. पुढें सोनोग्राफीनें गर्भाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनींतील रक्ताचा वेग पाहतात. रक्त पातळ झालें असतां तें अधिक वेगानें वाहतें. २००० सालापासून या उपायामुळें पोटांत सुई घालून पाणी काढण्याची गरज पुष्कळच कमी झाली. आणि १९९७ सालीं डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आईच्या रक्तांतच गर्भाच्या गुणसूत्रांचे कण फिरत असतात असें दाखविल्यापासून, केवळ आईच्या रक्तावरून गर्भ पॉझिटिव्ह कीं निगेटिव्ह हें सांगणेंहि शक्य झालें आहे. युरोपांतील कांहीं देशांत ही परीक्षा नित्याची झाली आहे.

यंत्रें कितीहि सुधारलीं, तरी चूक होण्याच्या जागा आहेतच. नाळ पिळून रक्त घेतलें, तर नाळेंतील चिकट द्रव्य त्यांत उतरून खोटी गुठळी दिसते; म्हणून तें सुईनेंच नाळेच्या शिरेंतून घ्यावें लागतें. कधीं कधीं बाळाच्या पेशींवर प्रतिद्रव्याचा इतका दाट थर बसतो, कीं गट पाहण्याच्या द्रवाला जागाच उरत नाहीं, आणि पॉझिटिव्ह मूल निगेटिव्ह ठरतें. जें मूल सर्वांत आजारी, त्याचाच अहवाल निर्धोक येतो! कुशल तंत्रज्ञ अशा वेळीं प्रत्यक्ष कसोटीचें उत्तर शेजारीं ठेवून हें गौडबंगाल ओळखतो. परंतु सर्वांत घातक चूक सर्वांत साधी असते. ती म्हणजे नळीवरील नांव. एकाच रात्रीं चार बाळंतपणें झालीं, आणि नळ्यांवर नांवें मागाहून चिकटविलीं, कीं सगळें शास्त्र फुकट. म्हणून नळीवर नांव खाटेजवळच, रक्त घेतांक्षणींच लिहिलें जातें कीं नाहीं, इकडे घरच्या माणसानें नम्रपणें लक्ष दिल्यास कोणी राग मानूं नये.

‘ओ’ गटाची आई

आर-एचचा मेळ असला तरी आणखी एक भेद उरतो. आई ‘ओ’ गटाची आणि मूल ‘ए’ किंवा ‘बी’ असेल, तर या दोन गटांविरुद्ध तिच्या रक्तांत प्रतिद्रव्यें आधींपासूनच असतात. त्यांतील कांहीं वारेंतून जाऊं शकतात. म्हणून येथें पहिल्या मुलालाहि कावीळ होऊं शकते. सुदैवानें हा प्रकार बहुधा सौम्य असतो, आणि खेपेगणिक वाढत जात नाहीं. यांत प्रत्यक्ष कसोटीचें उत्तर पुष्कळदां क्षीण किंवा नकारार्थी येतें. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र पेशी नेहमींपेक्षां लहान व गोल गरगरीत दिसतात. याला प्रतिबंधक इंजेक्शन नाहीं. बाळावर नीट नजर ठेवणें हाच उपाय.

‘ओ’ म्हटलेला प्रत्येक गट ‘ओ’च असतो असेंहि नाहीं. १९५२ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगाला एक नवा गट दाखवून दिला. त्याला ‘बॉम्बे’ गट असेंच नांव पडलें. साध्या तपासणींत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण अशा व्यक्तीस ‘ओ’ रक्त दिल्यास प्राणावर बेततें. आपल्याकडे सुमारें दहा हजारांत एकाचा हा गट असतो. बाळंतपणांत अकस्मात् रक्त द्यावें लागतें, आणि तेव्हां शोधाला वेळ नसतो. म्हणून गट पाहतांना पेशी व रक्तद्रव या दोहोंचीहि परीक्षा आधींच व्हावी, हें उत्तम. के. ई. एम.च्याच आवारांत असलेली राष्ट्रीय संशोधनसंस्था अशा दुर्मिळ गटांचें काम वर्षानुवर्षें करीत आली आहे.

कांट्यानें कांटा

रोग ओळखणें एक, आणि टाळणें दुसरें. १९४३ सालीं लेव्हिन यांच्या लक्षांत आलें कीं, आई व मूल यांचे ए-बी-ओ गट जुळत नसले तर आर-एचचा विकार कमी आढळतो. कारण उघड होतें. आईच्या रक्तांत उतरलेले बाळाचे थेंब तिच्या जुन्या प्रतिद्रव्यांनीं तत्काळ नष्ट होतात. शरीराला त्यांची ओळख पटण्यास अवधिच मिळत नाहीं. मग हेंच काम आपण मुद्दाम कां करूं नये? ज्या प्रतिद्रव्याची भीति, तेंच बाहेरून थोडक्या मात्रेंत आईला दिलें, तर तें बाळाच्या पेशी पुसून टाकील, आणि तिचें शरीर स्वतः शस्त्र उपसणारच नाहीं. १९६० नंतर लिव्हरपूल येथें सिरिल क्लार्क व रॉनल्ड फिन, आणि न्यूयॉर्क येथें फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक यांनीं स्वतंत्रपणें हें सिद्ध केलें. १९६८ सालीं अमेरिकेंत हें ‘अँटी-डी’ इंजेक्शन सर्वांस खुलें झालें. कांट्यानें कांटा काढण्याचें यापेक्षां चांगलें उदाहरण वैद्यकांत क्वचित् सांपडेल.

याचें फळ आंकड्यांत पाहावें. हें इंजेक्शन दिलें नाहीं, तर पॉझिटिव्ह मूल झालेल्या निगेटिव्ह मातांपैकीं शेंकडा सुमारें १६ जणींच्या रक्तांत प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आंत तें दिल्यास हें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास येतें. आणि गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यांतहि एक मात्रा दिल्यास शेंकडा अर्ध्याहूनहि खालीं जातें. ३०० मायक्रोग्रॅमची नेहमींची मात्रा बाळाच्या सुमारें ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. त्याहून अधिक रक्त आईकडे उतरलें असेल, तर तें १९५७ सालीं निघालेल्या क्लाइहौअर यांच्या परीक्षेनें मोजतां येतें. तिच्यांत आम्लानें आईच्या पेशी फिकट सांवल्यांसारख्या होतात, आणि बाळाच्या तेवढ्या गुलाबी राहतात.

हें औषध कारखान्यांत आपोआप होत नाहीं. तें बहुतांशीं दात्यांच्या रक्तद्रवांतून काढलें जातें. ऑस्ट्रेलियांतील जेम्स हॅरिसन हे गृहस्थ १९५४ पासून २०१८ पर्यंत रक्त व रक्तद्रव देत राहिले. हजारांहून अधिक वेळां त्यांनीं दान केलें, आणि त्यांच्या रक्तद्रवापासून तयार झालेल्या औषधाचा लाभ वीस लाखांहून अधिक बालकांना झाला असें मानतात. २०२५ सालीं ते निवर्तले. त्यांनीं ज्यांना वांचविलें, त्यांतील बहुतेकांना त्यांचें नांवहि ठाऊक नसेल.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानांत असावी. एकदां आईच्या शरीरानें स्वतः प्रतिद्रव्यें घडविलीं, कीं या इंजेक्शनाचा उपयोग उरत नाहीं. वेळ टळली ती टळली. मग उरतात ते उपचार. १९६३ सालीं न्यूझीलंडमध्यें विल्यम लायली यांनीं गर्भाला पोटांतच रक्त देण्याची किमया केली; ती आतां सोनोग्राफीच्या साहाय्यानें थेट नाळेच्या शिरेंतून होते. जन्मानंतर बाळाचें रक्त थोडें थोडें काढून निगेटिव्ह रक्त भरण्याची रीत १९४६ च्या सुमारास रूढ झाली. निळ्या प्रकाशाखालीं बाळास ठेवण्याचा उपाय मात्र एका परिचारिकेच्या चाणाक्ष नजरेमुळें सांपडला. १९५६ सालीं इंग्लंडांतील रॉचफर्ड रुग्णालयांत सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हांत नेत असत. ऊन लागलेली कातडी फिकी, आणि झांकलेली तेवढी पिंवळी राहिलेली त्यांनीं डॉक्टरांना दाखविली. त्याच सुमारास खिडकींत उन्हांत राहिलेल्या रक्ताच्या नळींतील बिलिरुबिनहि उतरलेलें आढळलें. आपल्याकडील कोंवळ्या उन्हाच्या रीतीला यानें जोर मिळतो असें कोणास वाटेल; परंतु या रोगाची कावीळ अंगणांतल्या उन्हानें उतरत नाहीं. त्या भरंवशावर एक दिवसहि घालवूं नये.

घरानें काय करावें

सांगण्याचें सार थोडक्यांत असें. गर्भ राहिल्याबरोबर रक्तगट तपासून घ्यावा. जुन्या आठवणीवर वा शाळेच्या ओळखपत्रावर विसंबूं नये. माता निगेटिव्ह निघाली, तर तिचा कागद घरांत सर्वांना ठाऊक असलेल्या जागीं असावा, आणि बाळंतपणास माहेरीं जातांना तो तिच्याबरोबर जावा. पहिली तपासणी सासरगांवीं आणि प्रसूति माहेरगांवीं, या फेऱ्यांतच पुष्कळदां इंजेक्शनाची तारीख निसटते. बाळ जन्मल्यावर गट कळला काय, कूम्ब्सची कसोटी झाली काय, इंजेक्शन दिलें काय, हे तीन प्रश्न पित्यानें स्वतः विचारावे. गर्भपात, पोटाला मार, मध्येंच झालेला रक्तस्राव, हें त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. इंजेक्शन हवें कीं नको, हें ते महिन्यांवरून ठरवितील. आणि मुलींच्या आईबापांनीं एवढें पाहावें कीं, मुलीला कधीं रक्त द्यावें लागलें तर तें गट नीट जुळवूनच दिलें जावें. कारण चुकून दिलेली पॉझिटिव्ह रक्ताची एक पिशवीहि तिच्या पुढच्या संसारावर सांवली पाडूं शकते.

राहतां राहिला तो लग्नपत्रिकेंतील रकाना. निगेटिव्ह मुलगी पाहून स्थळ सोडणारांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, जो दोष दोन इंजेक्शनांनीं टळतो त्यासाठीं मुलगी नाकारणें हें शहाणपण नव्हे. ज्या रोगानें कित्येक पिढ्यांतील सुनांच्या माथीं ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द मारला, तो रोग त्यांच्या पायांत नव्हता, पूर्वकर्मांत नव्हता, नक्षत्रांतहि नव्हता. त्यांतील अर्धा वांटा पित्याच्या रक्ताचा होता, आणि त्याला कोणीं कधीं बोल लाविला नाहीं. आतां बोल लावण्याचें कारणच उरलेलें नाहीं. चार थेंब रक्त, एक कांचनळी, आणि ७२ तासांचें भान, एवढ्यावर पुढच्या बाळाचें बारसें अवलंबून आहे.